गजाला पत्र: धानाची साखर पळवणारा चोर

हैदराबाद,
28 ऑगस्ट

प्रिय गजा,

परवा फोनवर धड बोलणंच झालं नाही. तू धुऱ्यावर उभा, वारा सारखा मध्ये घुसत होता, आणि मी लॅबच्या जिन्यात. म्हणून लिहायला बसलोय. फोटो मात्र नीट आलेत. शेंड्यापासून कडेकडेनं उतरलेला पिवळा पट्टा, मधली शीर अजून हिरवी. गजा, हा कडा करपा दिसतोय. दुकानदारानं तुझ्या गळ्यात मारलेलं औषध बुरशीचं, आणि हा जिवाणू. ते पैसे गेले समज.

खात्री करून घे. पान जिथं पिवळ्याचं हिरवं होतं तिथं कात्रीनं काप, कापलेलं टोक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात बुडव आणि उजेडाकडे धर. थोड्या वेळानं कापलेल्या जागेतून दुधट धागा खाली उतरू लागेल. ते सगळे जिवाणू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दिवशी डबा उघडला नव्हता.

तू विचारलंस, एवढं हिरवंगार धान आठ दिवसांत कसं गेलं? हा जिवाणू पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून किंवा जखमेतून आत जातो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बिऱ्हाड करतो. तिथं खायला फारसं नसतं. साखर असते पेशींच्या आत, आणि पेशीभोवती तेलकट, पातळ पडदा. त्या पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात: कुठलं पाण्याचं, कुठलं क्षाराचं, कुठलं साखरेचं. साखरेच्या दारांना 'स्वीट' म्हणतात, 2010 साली ती उजेडात आली. धानाला ती स्वतःसाठीच हवी असतात, परागकण पोसायला वगैरे. आपला चोर काय करतो? पेशीत एक प्रथिन सोडतो. ते थेट डीएनएपर्यंत पोचतं, स्वीटच्या जनुकाच्या अगदी पुढ्यात बसतं आणि हुकूम सोडतं, 'अजून दारं बनवा!' झाड बिचारं बनवतं. साखर बाहेर पाझरते आणि जिवाणूंची पंगत उठतच नाही.

काही धानांत नेमकी ती बसायची जागाच बदललेली असते. हुकूम पोचत नाही, दार मात्र शाबूत, म्हणून दाणाही भरतो. त्या जनुकाचं नाव एक्सए13. पण गुण दिसायला ते आईबाप दोघांकडून यावं लागतं.

त्याच पडद्यात एक राखणदारही असतो, एक्सए21. अर्धा बाहेर, अर्धा आत. बाहेरच्या अर्ध्याला जिवाणूची चाहूल लागली की आतला अर्धा पेशीला जागं करतो. हा आला आफ्रिकेतल्या मालीच्या रानटी धानातून. 1995 मध्ये कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या गटानं त्याचं जनुक वेगळं काढलं. तो नेमकं काय ओळखतो याचं उत्तर त्यांनी 2009 मध्ये दिलं, ते चुकीचं निघालं, 2013 मध्ये तो निबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला आणि 2015 मध्ये खरा रेणू सापडला. मला त्या बाईंच्या संशोधनापेक्षा ते मागे घेणंच जास्त आवडतं.

तुझ्या कामाचं आता. तू लावतोस त्याच सांबा मसुरीत ही दोन आणि एक्सए5 अशी तीन जनुकं इथं हैदराबादेत संकरानं आणली गेली. 2008 पासून ते वाण 'सुधारित सांबा मसुरी' म्हणून आहे. बाहेरून जनुक घुसवलेलं जीएम नाही, आणि दरवर्षी नवं विकत घ्यावं लागणारं हायब्रीडही नाही, बियाणं घरचं ठेवता येतं.

यंदा मात्र युरियाचा हात आखड. रोगाच्या बांधीतलं पाणी दुसऱ्या बांधीत सोडू नको, आणि पानं ओली असताना आत फिरू नको. आणखी एक, हे काकूंना तूच सांग, माझी हिंमत नाही. पऱ्हे लांब झाले की त्या शेंडे छाटून रोवायला लावतात ना, ते बंद कर. प्रत्येक कापलेला शेंडा म्हणजे जिवाणूला उघडी वाट.

पुढच्या खरिपाला थोडं बियाणं मी पाठवायची खटपट करतो. एका बांधीत ते लाव, शेजारच्या बांधीत तुझं नेहमीचं. ग्लासात काय दिसलं ते आजच रात्री कळव, फोटोसकट.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
सुध्या