तो तंबोरा नव्हे

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुफी संगीतावरचा लेख वाचला. लेख बरा आहे, पण फोटोखाली ‘तंबोरा छेडताना अरबी दरवेश’ अशी ओळ आहे. ते अरब नाहीत, इराणातले कुर्द आहेत. हातातलं वाद्य तंबोरा नव्हे, तंबूर आहे. मिरजेत तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणण्यात, माझी हयात गेली, म्हणून हे पत्र.

तंबोरा सूर धरून ठेवतो, त्यावर चीज वाजत नाही. तंबुरावर वाजते. पुण्यात शिकणारा, इराणातल्या किरमानशाहकडचा एक कुर्द मुलगा खुंटी सैल झाली म्हणून त्याचा तंबूर माझ्याकडे घेऊन आला होता. तुतीच्या लाकडाचं पोट, लांब दांडी, बांधलेले पडदे, तारा तीनच. भोपळा नाही, जवारी नाही. नखी घालत नाहीत. उजव्या हाताची बोटं तारांवरून एकामागून एक अशी सोडतात, की खंड कुठे पडला ते कळत नाही. खुंटी बसवून दिली, तर त्यानं आधी वाद्याला ओठ टेकले आणि मग सूर लावला.

तो यारसान या कुर्दांमधल्या वेगळ्या धर्मपंथाचा. त्यांच्यात हे वाद्य पवित्र. ‘जम’ नावाच्या बैठकीत गोरानी भाषेतले कलाम, म्हणजे त्यांची धर्मपदं, तंबुरावरच म्हणतात. इराणच्या घटनेनं झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती धर्मीयांना अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली आहे, यारसानांना नाही. उस्ताद इलाही (1895–1974) हे तंबूरवादनातलं फार मोठं नाव. पेशानं न्यायाधीश, जाहीर मैफल कधी केली नाही. पुढे 1980 च्या सुमारास कैखुस्रो पूरनाझेरी यांनी तंबूरवादकांचा ताफा उभा केला, गायक शहराम नाझेरी त्या साथीवर सुफी कवी रूमीच्या कविता गायले आणि हे वाद्य बैठकीबाहेर इराणभर ऐकू येऊ लागलं.

लेखानं ‘इराणी डफ’ एवढ्यावर दुसरं वाद्य उरकलं आहे. हा दफ कुर्दिस्तानातल्या कादिरी या सुफी परंपरेच्या खानकाहांतला (मठांतला), सनंदजकडचा. हलगीसारखाच शेकून ताणायचा, पण आतल्या कडेला लोखंडी कड्या ओवलेल्या असतात. वर उचलून झटकला की त्या चामड्यावर आपटतात. बिजन कामकार यांच्यामुळे तो शास्त्रीय वाद्यवृंदात रुळला. कादिरी सुन्नी, यारसानांचं घर निराळं. दोघांना एकाच ‘सुफी’ टोपीखाली कोंबलं, हे मला खटकलं.

फारसी शास्त्रीय संगीताला तर लेखात एकच ओळ. ज्या रदीफवर, म्हणजे परंपरेनं चालत आलेल्या सुरावटींच्या संचावर, ते उभं आहे, त्याचा 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्या संगीतातल्या सेतार या लांब दांडीच्या तंतुवाद्याला पूर्वी तीन तारा होत्या. चौथी मुश्ताक अली शाह या दरवेशानं चढवली असं मानतात, ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस करमानमध्ये जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. कव्वालीवर तीन परिच्छेद लिहिणाऱ्यानं याला चार ओळी द्यायला काय हरकत होती?

फोटोओळीची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी. आणि जमल्यास कायहान कल्होर यांचं कमांचा (गजानं वाजवायचं इराणी वाद्य) व शुजात खाँ यांची सतार या जोडीवर कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं. 1997 पासूनची त्यांची एकत्र ध्वनिमुद्रणं आहेत.

आपला,
एक जुना तंतुवाद्य कारागीर, मिरज