वरात कधी निघणार, एवढं तरी आधी कळवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
तथा अध्यक्ष, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती
(माहितीसाठी : धुळे व नंदुरबारचे मा. जिल्हाधिकारी)

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयातून एक यादी निघते. रात्री दहानंतर बारापर्यंत ध्वनिक्षेपक वाजवायला कोणत्या दिवशी मोकळीक, याची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे असे दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्र, दिवाळी, ३१ डिसेंबर, असे दिवस त्यात येतात. यादी पोलिसांकडे जाते, मंडळांकडे जाते, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. ज्यांच्या घरी आवाजाला भिणारं कुत्रं आहे त्यांच्या दृष्टीने इतका उपयोगी सरकारी कागद दुसरा नाही. तो त्यांच्या हातात वेळेवर पडावा, म्हणून हे पत्र.

मी तापीकाठच्या केळीपट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. नोकरी गाई-म्हशींची. पण पाडव्याच्या सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर कुत्री दिसायची. दार उकरून नखं उखडलेलं एखादं, खिडकीची जाळी चावून दात मोडलेलं एखादं, रात्रभर साखळीला हिसके देऊन गळ्याची कातडी सोललेलं एखादं. फटाका त्यांतल्या एकालाही लागलेला नसायचा. लागलेला असायचा तो नुसता आवाज. सोबत आलेला मालक जरा ओशाळून म्हणायचा, "कुत्रंच शे ते, त्याले काय व्हस?" आणि हे म्हणताना त्याचा हात त्या कुत्र्याच्या डोक्यावरून फिरत असायचा.

काय होतं ते सांगतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. पण नुसत्या तिखट कानाने एवढा हाहाकार होत नाही. हा धडाका कुठून आला, का आला, कधी थांबणार, याचा त्याला काहीच पत्ता नसतो. थरथर, शेपूट पोटाखाली, पलंगाखाली दडणं हे कोणालाही कळतं. धाप लागणं, लाळ गळणं, सारख्या जांभया, रोज झडप घालून खाल्लेली भाकरी आज हुंगूनही न बघणं, हीसुद्धा भीतीचीच लक्षणं आहेत आणि ती नजरेतून सुटतात. त्यात आपल्याकडे लग्नसराई भर उन्हाळ्यात. पारा ४४-४५ वर असताना धापणारं कुत्रं उन्हाने धापतंय की गल्लीतल्या वरातीने, हे ओळखायला नजर लागते. ही काही मूठभर लाडावलेल्या कुत्र्यांची गोष्टही नाही. फिनलंडमध्ये १३,७०० च्या आसपास पाळीव कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली गेली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यांत ३२ टक्के कुत्री आवाजाला भिणारी निघाली. आणि तो देश आपल्या मानाने पुष्कळच शांत.

"होईल सवय" असं सगळे म्हणतात. घाबरलेल्या कुत्र्याला सवय होत नाही, बहुतेकदा उलटं होतं. पहिल्या वर्षी ते सुतळी बॉम्बला भितं, पुढे ढगांच्या गडगडाटाला, मग दार आपटल्यावर, आणि काही कुत्री शेवटी कुकरच्या शिट्टीलाही कोपरा धरतात. दुसरा समज असा की भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की ते आणखी भित्रं होतं. तसंही काही नाही. मायेने भीती वाढत नाही. ओरडल्याने मात्र नक्की वाढते. ते येऊन बिलगत असेल तर बसू द्यावं, दडून बसलं असेल तर ओढून काढू नये. घाबरलेलं कुत्रं ओढताना चावतं, आणि चावलं की जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन रेबीजच्या लसीसाठी धावावं लागतं. कुत्र्यांची काळजी नसेल त्याने निदान हे वाक्य वाचावं.

यावर उपाय आहे आणि तो घरच्या घरी होतो. फटाक्यांचा आवाज रेकॉर्ड करून लावायचा, पण इतका बारीक की कुत्र्याचा कान हलेल आणि खाणं मात्र सुटणार नाही. आवाज झाला की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. आवाज आधी, तुकडा नंतर. हा क्रम उलटा केला तर कलेजी दिसली की आता धडाका होणार असं कुत्रं शिकतं आणि कलेजीलाच भ्यायला लागतं; असं झालेलं मी पाहिलं आहे. काही दिवस एकाच पातळीवर काढायचे, मग आवाज एक घर वाढवायचा. कुत्र्याने खाणं सोडलं की आपण घाई केली असं समजून मागे यायचं. याला आठवडे लागतात, जुनी भीती असेल तर महिने. धनत्रयोदशीला सुरू करून लक्ष्मीपूजनाला गुण येत नाही.

एक अडचण आम्हा खान्देशकरांची खास आहे. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून फटाक्याचा टणत्कार येतो, डीजेचा खर्ज येत नाही. खिडकीची तावदानं थरथरवणारा, जमिनीतून पायांना जाणवणारा तो घुमारा फोनमधून निघतच नाही. म्हणून फोनवर फटाक्यांचे धडे गिरवलेलं कुत्रं वरात दारात आली की पुन्हा पलंगाखाली जातं. सरावाला मोठा स्पीकर लागतो, कोणाकडून तरी मागून आणावा.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हा सराव चालू असताना मधेच खरा धडाका अंगावर आला तर आठवड्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाऊ शकते. तो दिवस आधी माहीत असेल तर कुत्र्याला त्या रात्रीपुरतं शेतावर, मामाच्या गावी, आतल्या खोलीत हलवता येतं.

औषधाचंही तेच. पूर्वी ॲसिप्रोमाझिन नावाचं गुंगीचं औषध सर्रास दिलं जायचं. कुत्रं गलितगात्र होऊन पडतं, मालकाला वाटतं बरं झालं, शांत झोपलं. प्रत्यक्षात हातपाय ढिले पडतात आणि भीती आत तशीच राहते. म्हणून आवाजाच्या भीतीवर एकटं ते औषध आता जाणकार डॉक्टर टाळतात. हिरड्यांना लावायची डेक्समेडेटोमिडीनची जेल खास आवाजाच्या भीतीसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाली; ट्रॅझोडोन, अल्प्राझोलामसारखी औषधंही डॉक्टर वापरतात. ही नावं वाचून कोणी मेडिकलवर जाऊ नये. मात्रा वजनावर ठरते, आधी हृदय आणि यकृत बघावं लागतं, आणि ते पशुवैद्यकाचंच काम आहे. मला सांगायचंय ते एवढंच की यांतलं बहुतेक औषध भीती चढण्याच्या आधी पोटात गेलं तर काम करतं. भीती एकदा अंगात भिनली की तीच गोळी निम्मीही लागू पडत नाही. म्हणजे औषध असूनही पुन्हा प्रश्न येतो तो तिथेच : आवाज सुरू कधी होणार?

जाता जाता एक. म्हातारं कुत्रं अचानक आवाजाला भ्यायला लागलं तर त्याची कंबर आणि सांधे तपासून घ्यावेत. दचकल्यावर दुखऱ्या सांध्याला हिसका बसतो, मग दुखणं आणि आवाज यांची सांगड बसते.

घरात कुठे ठेवावं, यात आमचे पूर्वज शहाणे होते म्हणायचे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरातल्या जाड मातीच्या भिंतींआड आवाज दबतो. पत्र्याखाली तोच आवाज दुप्पट वाटतो. ज्यांचं धाब्याचं घर उभं आहे त्यांनी कुत्र्याला माजघरात न्यावं. बाकीच्यांनी रस्त्यापासून सर्वांत आतली खोली, पडदे लावून, आणि कूलर चालू. खान्देशातला लोखंडी कूलर जो घरघराट करतो त्याला आयुष्यभर आपण नावं ठेवली, पण बाहेरचा आवाज झाकायला त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही. कुत्र्याला साखळीने बांधून मात्र ठेवू नये. संध्याकाळी लवकर फिरवून आणावं, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असावा, कारण भ्यालेलं कुत्रं वाट फुटेल तिकडे पळतं आणि ती वाट पुष्कळदा हायवेला लागते.

हे सारं करायला माणसं तयार आहेत. त्यांना दिवस, रस्ता आणि वेळ माहीत नसते, इतकंच.

गैरसमज नको. श्रावणात आमच्या खान्देशी देवीच्या, कानबाईच्या, मिरवणुकीत मी अजून नाचतो. कार्तिकी एकादशीचा जळगावचा रथ चुकवायची कल्पना मला करवत नाही. पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी, मग तुळशीच्या लग्नापासून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढेपर्यंत वराती, हे आमचं वर्ष आहे आणि त्यातलं काही काढून टाका असं मी म्हणत नाही. रात्री दहाचा नियम पाळला गेला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांसाठी घालून दिलेली दिवाळीची रात्री आठ ते दहा ही वेळ आणि लडींवरची बंदी पाळली गेली, तर अर्ध्या कुत्र्यांचं आपोआप निभावेल. पण ते होईल तेव्हा होईल. तोवर हातात येण्यासारखं मागतो.

सवलतीच्या दिवसांची ती यादी प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात, ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत लावावी. नवं परिपत्रक काढावं लागेलसं वाटत नाही, आहे तोच कागद आणखी चार भिंतींवर. मिरवणुकीला आणि वरातीला पोलीस परवानगी देतात तेव्हा अर्जात मार्ग आणि वेळ असतेच. ती रोजच्या रोज पोलीस ठाण्याच्या फलकावर आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावी. आपण म्हणाल, वरात वेळेवर निघते कुठे! लग्नपत्रिकेत गोरज मुहूर्त छापलेला असतो आणि नवरदेव नऊ वाजता पारावर असतो, हे मलाही माहीत आहे. तरी चालेल. दिवस आणि गल्ली कळली तरी कुत्रं हलवता येतं. औषधाला मात्र वेळ हवी, त्यासाठी बंदोबस्तावरच्या हवालदाराने "निघाली" एवढा एक शब्द गटावर टाकला तरी पुरे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना मालक नाही, आतली खोली नाही. ती जिन्याखाली, पार्किंगमध्ये, दुकानाच्या फळीखाली शिरतात आणि नेमकं त्याच रात्री त्यांना काठीने हुसकलं जातं. एवढी रात्र पडू द्या, असं आवाहन आपल्या नावाने गेलं तर लोक ऐकतील. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, हेही त्यात घालावं. आणि शेपटीला लड बांधण्याचा जो प्रकार काही पोरं करतात, तो खोडी म्हणून सोडून देऊ नये. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० खाली तो गुन्हा आहे. जनावर जायबंदी झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं.

शेतातलं दुखणं वेगळं आहे. रानडुकरं हाकलायला केळीच्या बागांत फटाके वाजतात, कुठे पाइपात कार्बाइड घालून केलेली बंदूक. ज्या कुत्र्याच्या भरवशावर राखण सोडली आहे तेच कुत्रं पहिल्या बाराला शेत सोडून गावात येऊन बसतं. डुकरं मग निवांत. या पाइपांनी २०२५ च्या दिवाळीत सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. कृषी विभागाने शेतकऱ्यांशी यावर बोलायला हवं. निदान बार काढायच्या आधी कुत्रं झोपडीत घ्या, एवढं तरी.

शेवटची विनंती समितीपुरती. प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीची एक सभा गणेशोत्सवाच्या आधी घ्यावी. दिवाळी झाल्यावर घेतलेल्या सभेत फक्त जखमांची चर्चा होते. त्या सभेला तालुक्यातले पशुधन विकास अधिकारी, मंडळांचे दोघे-तिघे आणि डीजेवाल्यांपैकी कोणी बोलवावं. डीजेवाल्यांच्या घरीही कुत्री असतात. सराव कसा करायचा, हे मी दाखवीन. मोठा स्पीकर त्यांनी आणावा, कलेजी माझ्याकडून.

सभेची तारीख ठरली की दवाखान्याच्या फलकावर लावावी, मी रोज तिकडून जातो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
चोपडा तालुका, जि. जळगाव