घुमटाचं तिकीट काढलेलं नाही

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं तिकीट मी काढलेलं नाही. गिबेर्ती पास काढलाय. त्यात म्युझियम, बाप्तिस्तेरी (बाप्तिस्मा द्यायची वेगळी इमारत) आणि कॅथेड्रलच्या जमिनीखालचं सांता रेपाराताचं जुनं चर्च येतं. घुमट आणि जॉत्तोचा मनोरा येत नाही.

घुमटाला ४६३ पायऱ्या, मनोऱ्याला ४१४. लिफ्ट कुठेच नाही. बाबा, पर्वती तुम्ही अजून चढता हे मला मान्य आहे. पण पर्वतीवर दम लागला की कडेला टेकता येतं. इथे जिना अरुंद, मागून पुढच्या वेळेचे लोक येत असतात आणि शेवटचा टप्पा घुमटाच्या वळणावरून उभाच्या उभा चढतो. हृदयविकार असलेल्यांनी चढू नये, असं तिकीट देणारेच लिहितात. स्टेंट बसवला की विकार संपला, हे तुमचं म्हणणं मी ऐकलंय, डॉक्टरांनीही ऐकलंय. विजापूरचा विषय मी काढत नाही, आई काढेलच.

एक गोष्ट हुकणार, ते लपवत नाही. घुमटाच्या दोन कवचांमधून जाताना विटांची हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी रचना हाताच्या अंतरावर दिसते. पण घुमट उभा कसा राहिला, हे त्या चढणीत नाही, म्युझियममध्ये कळतं. तिथे घुमटाचं जुनं लाकडी मॉडेल आहे, बांधकामावरच्या कप्प्या आणि अवजारं आहेत. आणि तिथे लिफ्ट आहे.

बाबा, सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून लाकडी आधार न देता एवढा घुमट कसा, हे तुम्ही विचारलं होतं. ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये काम हाती घेतलं, तेव्हा खालचं अष्टकोनी बांधकाम तयार होतं. म्हणजे घुमटाने झाकायचं सुमारे ४५ मीटरचं अंतर ठरूनच गेलं होतं, तेही जमिनीपासून ५० मीटरच्या वर. तिथे खालून सेंटरिंग द्यायचं तर लाकूड आणायचं कुठून? म्हणून त्याने दोन कवचं घेतली, आतलं जाड, बाहेरचं पातळ. आठ कोपऱ्यांना आठ मुख्य बरगड्या, मधे सोळा. वर जाताना विटांचा थर आत कलत जातो आणि चुना ओला असताना वीट घसरणार. त्यावर उपाय म्हणून ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी बसवली. ती आडव्या विटांना दोन्हीकडून अडवते. वर्तुळ पूर्ण झालं की थर स्वतःलाच आवळून धरतो. तळाशी बाहेर फाकायचा जोर येतो, त्यासाठी लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या दगडांच्या साखळ्या भिंतीतच घातल्या. तरी तडे गेलेतच, त्यांवर आज यंत्रं लावून नजर ठेवतात. माल चढवायचं त्याचं यंत्रही बघा: मोटेचे बैल मागे सरकवावे लागतात, इथे दाते बदलले की बैल त्याच दिशेने चालत राहायचे आणि ओझं वर जायच्या ऐवजी खाली यायचं.

म्युझियमच्या वरच्या गच्चीतून घुमट अगदी समोर दिसतो. खाली मायकेलअँजेलोचा पिएता (मृत ख्रिस्ताला सावरून धरलेलं शिल्प) आणि दोनातेल्लोची लाकडातली मेरी मॅग्डालेनची मूर्ती आहे. आई, तिच्यापाशी थांब. गिबेर्तीचे सोनेरी दरवाजेही खरे इथेच आहेत. बाहेर बाप्तिस्तेरीला लावलेत त्या प्रतिकृती.

कॅथेड्रलमध्ये जायला पैसे नाहीत, रांग मात्र आहे. सकाळी लवकर जा, पण रविवारी सकाळी नको, प्रार्थना असते. बाहेरच्या पांढऱ्या-हिरव्या-लाल संगमरवरासमोर तासभर उभं राहू नका, ती दर्शनी बाजू १८८७ ची आहे. आत गेल्यावर ओकंबोकं वाटेल, तसंच आहे ते. मागे वळून दाराच्या वरचं चित्रकार उच्चेल्लोचं घड्याळ बघा: २४ तासांचं, उलटं फिरणारं, सूर्यास्तापासून तास मोजणारं. घुमटाच्या आतलं वसारी आणि झुक्कारीचं चित्र बघताना आईने मान वर करायची नाही. सेल्फी कॅमेरा लावून फोन हातात आडवा धर, वरचं सगळं त्यात दिसतं.

बाहेर दक्षिणेला ब्रुनेलेस्कीचा पुतळा घुमटाकडे बघत बसलाय. बाबा, तुम्हीही तिथूनच बघा. मला खांद्यावर बसवून कळस दाखवायचात ना, तसं आता मला तुम्हाला सांभाळू दे थोडं.

खोलीत किटली आहे, लिफ्ट आहे, दोन्ही विचारून घेतलंय. बाथरूममध्ये मग नसेल, आपला तो निळा मग बॅगेत टाका. नळाचं पाणी चालतं. तिकडच्या पावात मीठच नसतं, बाबांच्या बीपीला बरंच. आई, तुझं लोणचं जपून काढ. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या; चौकात बसून प्यायलात तर बिल वाढतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे बाबा, हाफ पँट नाही. दुपारची गोळी जेवणाआधी नाही, नंतर.

पास फोनवर पाठवलाय, तरी छापूनही घ्या. आणि आई, पाकीट तुझ्याकडे ठेव. घुमटाच्या वेळा आधीच भरतात, पण बाबा खिडकीवर विचारायला जातीलच.

तुमची,
मनू