हळद डब्यातच राहू दे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर फटाक्यांनी भाजण्याचा विषय काढला की बाबा नुसतं "हो, हो" म्हणतात आणि आई गाडी चकलीच्या भाजणीवर नेते. म्हणून लिहूनच पाठवतेय.

यंदा दादाची पोरं पाडव्यापर्यंत तुमच्याकडेच आहेत, तेव्हा फटाके वाजणारच. वाजवू नका असं मी सांगत बसणार नाही. तो वाद आपण दर दिवाळीला घालतो आणि दर दिवाळीला नातवंडं जिंकतात. माझं म्हणणं एवढंच की कुणाला भाजलंच, तर पहिल्या अर्ध्या तासात घरातली माणसं काय करतात यावर पुढचं पुष्कळसं ठरतं. आणि आपल्या घरी त्या अर्ध्या तासात भलतेच डबे उघडले जातात.

आई, हळद, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस, शाई, यातलं काहीही लावायचं नाही. बर्फसुद्धा नाही. भाजलेली जागा नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली धरायची आणि घड्याळ लावून 20 मिनिटं धरून ठेवायची. कातडीत शिरलेली उष्णता चटका बसल्यानंतरही आतलं भाजत राहते. पाणी ती ओढून घेतं. बर्फाने मात्र तिथला रक्तपुरवठा आखडतो आणि इजा वाढते. दोन मिनिटांत आग कमी झाली म्हणून पोरं हात काढून घेतील, रडतील, तरी सोडू नकोस. पाणी लगेच मिळालं नाही तरी तीन तासांच्या आत केव्हाही त्याचा उपयोग होतो. लहान मूल असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल, तर पाणी जखमेपुरतंच घ्यायचं आणि बाकीचं अंग चादरीत गुंडाळायचं, नाहीतर ते गारठतं.

हळदीचा तुला राग येईल, म्हणून कारणही सांगते. पिवळ्या झालेल्या कातडीवर डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते कळत नाही. मग ते सगळं घासून काढावं लागतं, आणि ते ज्याच्या अंगावर चाललेलं असतं त्याला विचार कसं वाटतं!

पाणी चालू असतानाच अंगठ्या, पाटल्या, घड्याळ काढून घ्यायचं. हात सुजला की पाटली कापावी लागते. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, फोड फोडायचे नाहीत. नंतर धुतलेला सुती कपडा किंवा पोळ्या गुंडाळायचा तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद वरून सैल ठेवायचा, बस्स.

आता बाबा, तुमच्याबद्दल. साखरेमुळे तुमच्या तळपायांना चटका नीट कळत नाही, हे तुम्ही डॉक्टरांसमोर कबूल करता आणि घरी विसरता. जळून संपलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते आणि पोरं ती पार्किंगमध्ये कुठेही टाकतात. तेव्हा खाली जाताना पायात बंद बूट हवेत, चपला नकोत. फुलबाज्या संपल्या की पाण्याच्या बादलीत. शेजारी वाळूची एक बादली ठेवायला सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगाच. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय आईला दाखवायचे. लहानसा फोड जरी दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टर. "बघू सकाळी" चालणार नाही.

दुसरं म्हणजे, न उडालेल्या सुतळी बॉम्बवर वाकून "विझला का" हे बघायची तुमची सवय. ते काम पुन्हा करू नका, पोरांनाही करू देऊ नका. 20 मिनिटं कुणी जवळ जायचं नाही, मग लांबून पाणी ओतायचं. आणि हरित फटाके आहेत म्हणजे निर्धोक, असं तुम्ही मागे म्हणालात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बनवलेल्या त्या फटाक्यांतून धूलिकण साधारण 30 टक्के कमी निघतात. चटका मात्र तेवढाच बसतो. खोक्यावरचा क्यूआर कोड तपासून घ्या, वेळ रात्री 8 ते 10 चीच पाळा, पण बूट काढू नका.

थोरल्याने मला एक व्हिडिओ पाठवला होता. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून लायटरने बार काढायचा. घरात असलं काही दिसलं तर सरळ मोडून टाका, मी त्याची समजूत काढीन. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये याच खेळण्याने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. बार निघाला नाही की मूल नळीत डोकावतं आणि तेवढ्यात आतला ॲसिटिलीन वायू पेटतो. शिवाय कार्बाइडचा पाण्यात चुना होतो, तो डोळ्यात गेला की बुबुळ जाळत जातो.

डोळ्याचं नीट लक्षात ठेवा, कारण इथे दोन वाटा आहेत. नुसती दारू किंवा चुना उडाला असेल, तर पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याने निदान 20 मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं. पण रक्त येतंय, काही रुतलंय, दिसेनासं झालंय, तर पाणीही नको. चोळायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं काढायचं नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर हलका झाकून कडेच्या हाडावर पट्टीने चिकटवायचा आणि निघायचं. खायला-प्यायला काही देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. आई, तुझं गुलाबपाणी आणि बाबांचे मोतीबिंदूच्या वेळचे उरलेले थेंब, दोन्ही लांब ठेव.

बरं, भाजलेला माणूस न्यायचा कुठे? आपला एक तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. त्याच माणसाच्या तळहाताहून मोठी जखम असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांध्यावर भाजलं असेल, तर घरी थांबायचं नाही. कातडी पांढरी किंवा काळी पडलीय आणि दुखतच नाही, असं असेल तर हायसं वाटून घेऊ नका. तेव्हा वेदना पोचवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. धुरात अडकून आवाज घोगरा झाला तरी तडक निघायचं. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, खास भाजलेल्यांसाठीचं. गाडी मिळेना तर 108. बाबांच्या गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी, सोबत न्यायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगायचं.

रुग्णालयात पोलिसांसाठी नोंद करतील, चार प्रश्न विचारतील. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते होतंच, घाबरू नका. कागदपत्रांसाठी तातडीचे उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. बाबांना हे वाक्य कुणाला तरी ऐकवायची संधी न मिळो, पण पाठ असू द्या.

आई, तुझा दमा. 8 च्या आत खिडक्या बंद, इनहेलर हाताशी, आणि सापाच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. आवाज नाही म्हणून त्या आपण धाकट्याला देतो, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके मोजून पाहिले तेव्हा सगळ्यांत जास्त सूक्ष्म कण त्याच गोळ्यांतून निघाले होते. आणि खाली उतरशील तेव्हा सुती साडी, पदर खोचून. नवी जॉर्जेटची ओवाळणीच्या वेळी नेस. तिला ठिणगी लागली तर ती वितळून अंगाला चिकटते.

गॅलरीतली रद्दी धनत्रयोदशीच्या आधी विकून टाका. बाबा, तीन महिन्यांचे पेपर कुणी परत वाचत नाही, आणि भरकटलेलं रॉकेट नेमकं गॅलरीतच शिरतं. संध्याकाळी दोरीवरचे कपडेही आत घ्या.

मी भाऊबीजेला सकाळी पोचते. दादाला हे पत्र वाचून दाखवा. पोरांचे सुती कपडे आणि बंद बूट त्यानेच भरायचेत, वहिनीच्या गळ्यात घालू नये.

तुमची,
मंजू