पाच पोरं आणि एक मैदान

सोलापूर,
१५ डिसेंबर

प्रिय मेधा,

तुझं पत्र मिळालं. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, पोरांना घेऊन येतेयस हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. ‘रोज संध्याकाळी त्यांना न्यायचं कुठं?’ असं विचारलंयस. तुझी दोघं, माझ्या दोघी आणि आमचा पुतण्या ओम. अडीच वर्षांपासून तेरापर्यंत सगळी वयं हजर! म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

जागा ठरवताना सगळे धाकट्याचा विचार करतात. माझं मत उलटं आहे. मोठ्याचं आधी बघायचं. आमची चिऊ कुठंही रमते, चार खडे आणि रिकामी बाटली मिळाली की तिचा संसार सुरू. पण ओम कंटाळला की ‘काकू, चला की घरी’ सुरू होतं, मग नऊ वर्षांची अन्वी त्याची री ओढते आणि सगळ्यांचाच विचका.

त्यामुळे भुईकोट किल्ला मला सगळ्यात सोयीचा वाटतो. धाकट्यांना आतली बाग, मोठ्यांना दुहेरी तटबंदी आणि बुरूज. बहामनी काळातला किल्ला म्हटल्यावर ओमला दहा प्रश्न पडतात आणि त्यातल्या आठांची उत्तरं तो स्वतःच ठोकून देतो. तटाच्या कडेला मात्र चिऊचा हात सोडायचा नाही, हे काम मोठ्यांपैकी एकाला नेमून द्यायचं. नेमलं की ती पोरं एरवीपेक्षा शहाणी होतात. बाहेर पडलं की सिद्धेश्वर तलाव आहेच. कंबर तलावावरही एक संध्याकाळ काढू. तिथं पाखरं बघण्यात तेरा वर्षांचाही वेळ जातो, पण अडीच वर्षांचीला पाण्यापासून आवरताना आपले हात दुखतात.

आता कॉलन्यांमधल्या नव्या बागा. रंगीत घसरगुंडी, दोन झोके आणि खाली सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. फोटोला छान! पण पोर पडतं ते ब्लॉकवर. आपल्या वेळी झोक्याखाली माती उकरून खड्डा झालेला असायचा, पडलं तरी गुडघ्यावरच निभावायचं. मी आधी खालची जमीन बघते, रंग नंतर. एक सांगून ठेवते, तुझ्या धाकट्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नकोस. त्याचा बूट कडेला अडकला की आपल्या वजनानं पाय मुरगळतो, नडगीचं हाड मोडू शकतं. ज्याला स्वतः चढता येतं, त्यानंच घसरायचं, एवढा साधा नियम. आणि झोक्याच्या मागून धावणारं पोर झोका घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून झोक्यापाशी मी स्वतः उभी राहते.

ओपन जिमचं काय सांगू! आजोबांसाठी बसवलेल्या त्या यंत्रांवर पोरंच लोंबकळतात. सांध्यांत बोटं सापडायची भीती असते. ओमला चालेल, बाकीच्यांना मी हाकलते. जानेवारीत ऊन सोसतं, पण एप्रिलमध्ये आली असतीस तर सहाच्या आत घराबाहेर काढलं नसतं. पत्र्याची घसरगुंडी तेव्हा तव्यासारखी तापलेली असते.

पण खरं सांगू? पाचही जण एकत्र खेळतात ते मोकळ्या मैदानातच. खेळणी असली की ती वयाप्रमाणे पांगतात, नुसती माती असली की लगोरी निघते. आमच्या मागच्या पटांगणात संध्याकाळी वीसेक पोरं जमतात. कुणी घरी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, मैदानात सगळी ‘चल बे, डाव दे’वर येतात. अन्वी तिथंच लपाछपीत ‘ओकटि, रेंडु, मूडु’ मोजायला शिकली. आणि चिऊ तिथं कच्चं लिंबू. तिला चेंडू लागला तरी ती आऊट नाही, तिच्यावर राज्य नाही, पण धावायचं सगळ्यांबरोबर. हे कुणी मोठ्या माणसानं शिकवलेलं नाही. ओमची टोळी स्वतःहून ठरवते. परवा चिऊनं ठासून सांगितलं, ‘मी लिंबू नाही.’ मग तिला खरंखुरं आऊट केलं, तर रडून मैदान डोक्यावर घेतलं. दुसऱ्या डावात परत लिंबू.

होम मैदानावर मात्र गड्ड्याच्या दिवसांत खेळायचा विचारही नको. तिथं पाळणे, दुकानं आणि गर्दी असेल. संक्रांतीच्या सुमारास अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, मग होम. नंदीध्वजांची, म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक मुलांना दाखवूच, पण धाकट्यांना खांद्यावर घ्यावं लागेल. त्यांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. पाळण्यात कोण बसणार यावरून भांडण ठरलेलंच. मी बसणार नाही, तूच बस.

हुतात्मा एक्स्प्रेसनं आलीस तर पोचायला रात्र होईल, मुलं पेंगलेली असतील. हे स्टेशनवर येतील. येताना सगळ्यांचे जुने बूट आण, नव्यांची माती होईल. शेंगाचटणी इथून घेऊन जा, तिकडून काही आणू नकोस. तिकीट झालं की कळव.

तुझी,
शुभा