कणकवली-मालवण गाडीतल्या तुम्हा सगळ्यांना

नावं विचारायचं भानच राहिलं नाही, म्हणून हे इथे लिहिते.

माझी लेक सहा वर्षांची, टाइप १ डायबेटीस. आईबाप दोन्ही मीच. त्या दिवशी काजू कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. परतताना कसाल सोडलं आणि तिला दरदरून घाम सुटला, बोटं थरथरायला लागली. मशीनवर रक्तातली साखर ५४, फारच कमी. ७०च्या खाली गेलं की लगेच साखर, हे मला झोपेतही पाठ आहे. पण ग्लुकोजचा डबा राहिला कारखान्यात! चूक माझीच.

मागच्या सीटवरच्या मासळीवाल्या मावशींनी बाजाराच्या पिशवीतली साखरेची पुडी दातांनी फोडली. "आधी चेडवाक साखर घाल, मगे रड." बाटलीतल्या पाण्यात अंदाजाने तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचेपर्यंत ड्रायव्हरदादांनी गाडी टपरीपाशी उभी ठेवली. कुणी कुरकुरलं नाही (कुरकुरलं असेल, मला ऐकू आलं नाही). ९२ आले, तेव्हा कंडक्टरच "सुटलो बुवा" म्हणाले.

मावशी, उरलेली पुडी माझ्याकडेच राहिली. मंगळवारी त्याच गाडीला असेन, किलोभर साखर घेऊन.