उंदरांना डोस किती दिला, तेही छापा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत मोबाईल रेडिएशनने उंदरांना कॅन्सर झाल्याची बातमी आली आणि दुपारपर्यंत तिचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, गच्चीवरचा टॉवर ताबडतोब काढा म्हणून. बातमी खोटी नाहीये पण अर्धीच आहे, म्हणून लिहितोय.

तो प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा, फायनल रिपोर्ट 2018 चा. धातूच्या भिंतींच्या बंद खोल्या, आत प्लॅस्टिकचे पिंजरे, 10 मिनिटं सिग्नल चालू 10 मिनिटं बंद, असं दिवसाला साधारण 9 तास, आणि रॅट म्हणजे मोठ्या उंदरांना तर आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षं. डोस अख्ख्या अंगावर, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे शोषली जाणारी ऊर्जा 1.5, 3 आणि 6 वॅट. माणसाच्या अख्ख्या शरीरासाठी आंतरराष्ट्रीय लिमिट 0.08 आहे, म्हणजे सगळ्यात कमी डोससुद्धा जवळपास 19 पट झाला. हा आकडा बातमीत कुठेच नाही!

सगळ्यात जास्त डोसच्या गटांत 90 नरांपैकी 5-6 जणांच्या हृदयात श्वानोमाच्या (नसांच्या आवरणातल्या पेशींच्या) गाठी निघाल्या, रेडिएशन न दिलेल्या 90 मध्ये एकही नाही. हे उडवून लावण्यासारखं अजिबात नाही, संस्थेनेच त्याला स्पष्ट पुरावा म्हटलंय. पण माद्यांमध्ये आणि लहान जातीच्या उंदरांमध्ये (माऊस) तसं ठाम काही सापडलं नाही आणि डोस घेतलेले नर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच रिपोर्टात आहे.

आता ते 0.08 आलं कुठून? तेही प्राण्यांवरूनच. खाणं मिळवायला लिव्हर दाबायला शिकवलेले उंदीर, माकडं 4 वॅटच्या आसपास अंग साधारण एक डिग्री तापलं की काम सोडून द्यायची, सुरक्षेसाठी त्या 4 ला 50 ने भागलं. म्हणजे ही लिमिट मुळात उष्णतेची आहे. कमी डोस वर्षानुवर्षं मिळाला तर काय, हा वेगळा प्रश्न, आणि मला खरी काळजी त्याची वाटते, कारण इटलीच्या रामाझिनी इन्स्टिट्यूटने टॉवरसारखं रेडिएशन दिवसाला 19 तास देऊन बघितलं तर 50 व्होल्ट पर मीटरला (हे सिग्नलच्या तीव्रतेचं माप) तिथेही नर उंदरांच्या हृदयात त्याच जातीच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. दोन देश, दोन लॅब, गाठ तीच. यावर तुमच्या बातमीत एक ओळ नाही.

आपल्याकडे 2012 मध्ये टॉवरची लिमिट आंतरराष्ट्रीय लिमिटच्या दहाव्या हिश्श्यावर आणली होती. आपल्या टॉवरचं रेडिएशन खरंच किती आहे हे फी भरून मोजून घेता येतं, दूरसंचार खात्याचं तरंग संचार पोर्टल त्यासाठीच आहे. आमच्या ग्रुपवर हे कुणालाच माहीत नव्हतं, नुसती भांडणं चालू होती. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा डोस किती, किती तास आणि लिमिटच्या किती पट, एवढं तरी चौकटीत द्या, आणि त्याखाली या पोर्टलचं नाव.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे